शेडरची कॅश

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू व्हायला आठवडा उरला होता आणि कराडच्या आमच्या शिलाईच्या दुकानात गणवेशाची ही गर्दी! मी पुण्याला नोकरी करतो. पण जूनमधले आठ दिवस रजा टाकायची आणि बाबांच्या हाताखाली उभं राहायचं, हे ठरलेलं.

त्या दिवशी सहावीतला एक मुलगा माप द्यायला आला होता. बाबा त्याच्या खांद्याला टेप लावत होते आणि हा पठ्ठ्या मात्र हातातल्या मोबाइलमध्ये बुडालेला.

"हात सरळ कर की रं बाळा," बाबा म्हणाले.

"काका, जरा थांबा ना! सत्तर टक्के झालंय!"

मी डोकावून पाहिलं. कुठलासा गेम उघडत होता. खाली एक पट्टी हळूहळू भरत होती आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘कंपायलिंग शेडर्स’.

"दादा, हे काय असतं हो?" त्यानं मला विचारलं. "गेमचं अपडेट आलं की हे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नुसता वेळ खातं!"

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबाच हसत म्हणाले, "ह्यालाच इचार बाबा. तुझा वेळच खाल्लाय, आमचे तर साडेनऊ हजार खाल्लेत ह्या शेडरनं!"

मुलाची आई दचकून बाबांकडं बघायला लागली. मग मला सगळी कहाणी सांगावीच लागली. मित्रांनो, तीच आता तुम्हालाही सांगतो.

त्याचं असं झालं. माझी आत्या अमेरिकेत न्यू जर्सीला असते. २०१५च्या डिसेंबरात ती सगळ्या कुटुंबासह आली, तेव्हा आतेभावानं त्याचं लहानपणचं एक खेळणं आमच्यासाठी आणलं. निन्तेन्दो या जपानी कंपनीचं ‘गेमक्यूब’. २००१ साली बाजारात आलेला हा चौकोनी डबा, वरती उचलायला कडी, डब्यासारखंच ठसठशीत रूप. सोबत दोन कंट्रोलर आणि हाताच्या तळव्यावर मावेल एवढी एक छोटी डिस्क : ‘मारिओ कार्ट : डबल डॅश’. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, २००३ सालचा. यातली गंमत अशी, की एका गाडीवर दोघं बसतात. पुढचा गाडी हाकतो आणि मागचा इतरांवर कासवाच्या पाठी, केळीची सालं असलं काहीबाही फेकतो. मी आठवीत आणि माझी धाकटी बहीण चिमू चौथीत. आम्हा दोघांसाठी याहून चांगला गेम कुठला?

मी धीर न धरता डब्याची वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसली. फट्! जळका वास आला आणि संपलं. अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तिथला तो ॲडॉप्टर आपल्या विजेच्या एका फटक्यातच गेला. चिमूनं भोकाड पसरलं. आतेभाऊ बिचारा स्वतःच खजील झाला. "मला सांगायला हवं होतं," म्हणाला.

पण तो संगणकशास्त्र शिकत होता. परत गेल्यावर त्यानं काय केलं असेल? तोच गेम त्याच्याकडं आणखी एका डिस्कवर होता. तिची प्रत त्यानं त्याच्या ‘वी’ या नंतरच्या कन्सोलवरून काढली आणि मार्चमध्ये इकडं येणाऱ्या एका ओळखीच्या काकांबरोबर पेनड्राइव्हवर पाठवली. सोबत एक प्रोग्रॅम होता, ‘डॉल्फिन’. (इथं पालकांसाठी एक वाक्य. डॉल्फिन फुकट मिळतो आणि उघडपणे मिळतो. पण गेम कुठून तरी फुकट उतरवून घेणं बेकायदा आहे. आमच्या घरी विकत घेतलेली डिस्क होती. ती अजूनही कपाटात आहे.)

डॉल्फिन हा एम्युलेटर आहे. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी म्हणा ना! गावात येणारा बहुरूपी कधी पोलीस होतो, कधी वैद्य होतो. तसा हा प्रोग्रॅम साध्या संगणकावर बसून गेमक्यूबचं सोंग घेतो. गेमला वाटतं, आपण जपानी डब्यातच आहोत. खरं म्हणजे तो आमच्या दुकानाच्या माळ्यावरच्या, बाबांनी बिलं करायला घेतलेल्या जुन्या संगणकात असतो!

आणि गेम चालला! मे महिन्याची सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन आणि माळ्यावर आम्ही दोघं. पण एक त्रास होता. शर्यत छान पळत असायची आणि मध्येच गचका बसायचा. चित्र क्षणभर गोठायचं, आवाज तुटायचा. पुढं सुरू व्हायचं, तोवर आमची गाडी दरीत! कोणी पहिल्यांदा बॉम्ब फोडला की गचका. वळणावर नवा धबधबा दिसला की गचका. गेममध्ये १६ ट्रॅक आहेत. जिंकत जाल तसे पुढचे उघडतात. प्रत्येक नव्या ट्रॅकवर अडखळणं ठरलेलं.

मी निदान करून टाकलं : आपला संगणक कमजोर आहे. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून हे होतंय. झालं! मी बाबांच्या मागं भुणभुण लावली. "आठवीत ८८ टक्के पडले, तुम्ही म्हणाला होतात काहीतरी घेऊ!" जेवताना तेच, झोपताना तेच. एकदा तर, लिहायलाही लाज वाटते, मी म्हणालो, "बाकीच्यांचे बाबा घेऊन देतात."

बाबा काही बोलले नाहीत. मशिनचं पायडल मारत राहिले.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी मला तेव्हा माहीत होती आणि तरी मी माहीत नसल्यासारखं केलं. त्या वर्षी बाबा ओव्हरलॉक मशीन घेणार होते. कपड्याच्या आतल्या शिवणीला दोरे सुटू नयेत म्हणून जी जाळीसारखी शिलाई असते ना, ती करणारं मशीन. ते नसल्यामुळं शिवलेले कपडे गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या दुकानात न्यावे लागत आणि नगावर पैसे मोजावे लागत. जुनं मशीन बघून ठेवलं होतं. पैसे जमले होते. जूनच्या हंगामाआधी ते येणार होतं.

मे महिन्याच्या शेवटी बाबा मला संगणकाच्या दुकानात घेऊन गेले. "गेम चालायला पायजे," एवढंच त्यांनी दुकानदाराला सांगितलं. साडेनऊ हजार मोजले. येताना सायकलच्या दांडीवर मी आणि माझ्या मांडीवर कार्डाचं खोकं.

कार्ड बसवलं. चिमू मागं उड्या मारतेय. मी आमचा सगळ्यात आवडता, तोंडपाठ झालेला ट्रॅक लावला. गाडी सुटली, आणि गचका! पुन्हा गचका! पहिल्या वळणावर, दुसऱ्या वळणावर, बोगद्यात... अहो, जो ट्रॅक जुन्या संगणकावर अलीकडं लोण्यासारखा पळत होता, तोसुद्धा आता अडखळायला लागला. नवं कार्ड घालून गेम आधीपेक्षा वाईट चालत होता!

खालून बाबांची हाक आली, "कसं काय चालतंय रं?"

"एकदम मस्त!" मी ओरडलो.

चिमू माझ्याकडं बघतच राहिली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्या जूनमध्ये बाबा रोज रात्री नऊनंतर सायकलच्या कॅरियरला गाठोडं बांधून ओव्हरलॉक करून आणायला जायचे. पाऊस सुरू झाला, तेव्हा गाठोड्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि स्वतः भिजत. मी माळ्याच्या खिडकीतून बघायचो. गेम खेळायची इच्छाच उडाली होती माझी.

पण चिमूची उडाली नव्हती. ती एकटीच खेळायची, आणि तीही तोच तो एक ट्रॅक. एके दिवशी म्हणाली, "दादा, आता नाही अडकत."

"कार्डाला सवय झाली असेल," मी चिडून म्हणालो.

बोलून गेलो खरा. पण रात्री अंथरुणात तेच वाक्य डोक्यात फिरायला लागलं. यंत्राला सवय कशी होईल?

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाची वही मागून उघडली आणि चिमूला गाडी हाकायला बसवलं. कधीच न खेळलेला एक ट्रॅक निवडला. मी गचके मोजले. पहिली शर्यत : २३. तोच ट्रॅक पुन्हा : ४. तिसऱ्यांदा : १. मग संगणक बंद केला, जेवून आलो, पुन्हा सुरू केला. गचके : १. म्हणजे ‘सवय’ संगणक बंद केल्यावरही जात नव्हती! ती कुठंतरी लिहून ठेवलेली असणार. डॉल्फिनची फोल्डरं शोधता शोधता एक सापडलं, त्याचं नाव होतं ‘शेडरकॅश’. आत शर्यतीगणिक फुगत जाणाऱ्या फायली. मी त्या पुसल्या आणि श्वास रोखून तोच ट्रॅक लावला. गचके : २२!

रविवारी आत्याचा फोन यायचा. मी आतेभावाला सगळं भडाभडा सांगितलं. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "माझा कॉम्प्युटर तुझ्याहून किती तरी ताकदवान आहे रे. पण पहिल्या वेळी माझ्याकडंही अडखळतंच. सगळ्यांकडंच अडखळतं. कार्ड कशाला बदललंस?"

त्यानं जे समजावलं, ते मला नीट कळायला महिना लागला. तुम्हाला थोडक्यात सांगतो.

पडद्यावर पळणारं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढलं जातं. म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. चित्रातला प्रत्येक ठिपका कुठल्या रंगाचा, त्यावर उजेड किती, चकाकी किती, धुकं किती, हे ठरवायला छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. त्यांना म्हणतात शेडर. पाण्याचा शेडर वेगळा, ढगाचा वेगळा, बॉम्बच्या जाळाचा वेगळा. हे माणसाला कळेल अशा भाषेत लिहितात. पण प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक पिढीच्या ग्राफिक्स कार्डाची स्वतःची यंत्रभाषा असते. त्या भाषेत शेडरचं भाषांतर करावं लागतं. हे काम करतो कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषी. भाषांतर करणं म्हणजे कंपाइल करणं. आता समजा, एका भाषांतराला १०० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात सहा चित्रं बुडाली. डोळ्यांना दिसतो तो गचका!

मग गेमक्यूबवर का नाही बसत गचके? कारण त्या डब्यात शेडर हा प्रकारच नाही! त्याच्या चित्र काढणाऱ्या चिपचं नाव ‘फ्लिपर’. तिच्यात रंग मिसळणारा एक भाग आहे. एकामागोमाग एक अशा १६ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर जणू फिरवायची बटणं. गेम म्हणतो, हे बटण इकडं, ते तिकडं. बटण फिरवायला काय वेळ लागतो? लगेच नवा रंग तयार. साध्या संगणकाच्या कार्डात अशी बटणं नाहीत. म्हणून बहुरूपी डॉल्फिनला दर नव्या मांडणीसाठी एक नवा शेडर लिहावा लागतो आणि तो भाषांतराला धाडावा लागतो. गेम बिचारा निर्धास्तपणे बटणं फिरवतो. पुढं कुठलं फिरवणार, हे तो आधी सांगत नाही. सांगायची त्याला कधी गरजच पडली नव्हती!

एकदा झालेलं भाषांतर मात्र डॉल्फिन आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवतात. तीच शेडरची कॅश. पुन्हा तोच धबधबा दिसला की नवं भाषांतर नको, जुनं उचललं की झालं.

तुम्ही विचाराल, मग सगळी भाषांतरं आधीच का करून ठेवत नाहीत? मीही हेच विचारलं. पण १६ पायऱ्यांवरच्या बटणांच्या एकूण मांडण्या किती होतात, माहीत आहे? डॉल्फिनवाल्यांनीच हिशेब केलाय : तो आकडा पाचशेहून जास्त अंकी आहे! आपला कोटी आठ अंकी, परार्ध अठरा अंकी. पुढचं तुम्हीच बघा. गेम यातल्या मूठभरच वापरतो. पण कुठल्या मूठभर, हे खेळून बघितल्याशिवाय कळायचं कसं?

आणि माझं ते साडेनऊ हजारांचं कोडं? तेही सुटलं. जपून ठेवलेली भाषांतरं होती जुन्या चिपच्या भाषेतली. नव्या कार्डाला ती कळेनात. महिनाभर आम्ही गचके खात खात जमवलेली सगळी पुंजी कार्ड बदलल्याबरोबर कुचकामी झाली. म्हणून तोंडपाठ ट्रॅकही पहिल्यापासून अडखळायला लागले. ड्रायव्हरचं नवं अपडेट आलं तरी पुष्कळदा हेच होतं. दुभाषी बदलला की जुनी भाषांतरं बाद!

हे कळलं तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. पण खूश कसला होतोय? खराखुरा अर्थ एवढाच होता, की कार्डाची काही गरजच नव्हती.

गणपती झाले, तरी मी बाबांना सांगितलं नाही. एका रात्री ते दुकान आवरत होते. आमच्या भिंतीला खिळ्यांवर पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले असतात. शर्टाची पाठ, बाही, कॉलर, खिसा. २२ नंबर, २४ नंबर, २६ नंबर. फर्मा कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कात्री चालवायची. मी ते बघत उभा होतो आणि एकदम तोंडातून निघून गेलं, "बाबा, कार्ड घेऊन काही उपयोग झाला नाही."

"म्हंजे?"

"गेम अडखळत होता तो शेडरच्या कॅशमुळं. कार्डामुळं नाही."

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कॅश? कसली कॅश? आणखी पैशे मागतोय का काय कुणी?"

नाही नाही म्हणत मी सांगायला लागलो. ही कॅश पैशांची नव्हे. उच्चार तोच, पण शब्द निराळा. फ्रेंच भाषेतल्या ‘लपवणे’ या शब्दावरून आलेला, म्हणजे पुढं लागेल म्हणून दडवून ठेवलेली चीजवस्तू. पण बाबांना काही केल्या उमजेना. शेवटी मी भिंतीकडं बोट दाखवलं.

"हे फर्मे बघा. नव्या मापाचं गिऱ्हाईक आलं, की तुम्हाला आधी माप घेऊन बेत काढावा लागतो, फर्मा कापावा लागतो. तोवर बाकीचं काम थांबतं. पण एकदा फर्मा झाला, की पुढच्या वर्षी त्याच मापाचा शर्ट झटक्यात. ही तुमची कॅश. संगणक तेच करत होता. मला वाटलं त्याच्यात जोर नाही. तो नवे फर्मे कापत होता."

बाबा बराच वेळ फर्म्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "आरं, मग पयल्या शर्टाला येळ लागणारच की. त्यात मशीन बदलून काय हुनार?"

मला महिना लागला होता, त्यांना एक मिनिट!

मी मान खाली घालून उभा होतो. ते कार्ड दुकानदार अर्ध्या किमतीत परत घ्यायला तयार होता, मी विचारून आलो होतो. तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. निम्म्यात काय इकायचं?" आणि दिवा मालवून बाहेर पडताना, माझ्याकडं न बघताच, "त्या दिवशी मी इचारलं, तवाच सांगायचं हुतं," म्हणाले. बस्स, एवढंच. मला त्यांनी चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी रोज दुकानात बसून बटणं लावली. ओव्हरलॉक मशीन पुढच्या जानेवारीत आलं, हप्त्यानं.

आता कहाणीचा शेवटचा तुकडा. हे गचक्यांचं दुखणं जगभरातल्या डॉल्फिनवाल्यांना सतावत होतं. एक उपाय असा होता, की भाषांतर मागच्या मागं चालू ठेवायचं आणि ते होईपर्यंत ती वस्तू चित्रात दाखवायचीच नाही. गचका नाही, पण समोरची गाडी क्षणभर गायब! म्हणजे शर्ट शिवून होईपर्यंत पोरानं वर्गातच यायचं नाही. काही जण आपली कॅश एकमेकांना द्यायचे. पण कार्ड निराळं असेल तर शेवटचं यंत्रभाषेतलं भाषांतर पुन्हा करावं लागणारच.

मग जुलै २०१७ मध्ये डॉल्फिनमध्ये एक अजब गोष्ट आली. तिचं नाव ‘उबरशेडर’. प्रत्येक मांडणीसाठी वेगळा शेडर लिहायचाच नाही. फ्लिपर चिपच्या त्या सोळा पायऱ्यांची, सगळ्या बटणांसकट, नक्कल करणारा एकच अवाढव्य शेडर करायचा. त्याचं भाषांतर सुरुवातीलाच एकदा. मग गेमनं कुठलंही बटण फिरवो, हा तयार! कल्पना ऐकायला सोपी, पण ती पुरी व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. आणि तिच्यात मेख अशी, की हा अवाढव्य शेडर फार जड. प्रत्येक ठिपक्यासाठी सगळी बटणं तपासत बसतो. म्हणून त्याचा एक मिश्र प्रकार केला : नवी मांडणी आली की आधी उबरशेडरनं चित्र काढायचं, मागच्या मागं तिचा खास शेडर तयार होऊ द्यायचा, आणि तो झाला की गुपचूप अदलाबदल.

मी हे आतेभावाकडून ऐकलं आणि नवी आवृत्ती उतरवून घेतली. आधी जुन्या चिपवर लावून बघितलं. उबरशेडर तिला पेलेना, शर्यत गोगलगाईसारखी. मग नव्या कार्डावर लावलं. जमवलेली सगळी कॅश पुसून टाकली. परीक्षा घ्यायची तर पूर्ण घ्यायची! चिमू हाकायला, मी वही घेऊन मोजायला.

पहिली शर्यत. गचके : ०.

मी धडाधडा जिना उतरून बाबांना वर घेऊन आलो. जड शेडरला जोरदार कार्ड लागतंच. तुम्ही घेतलेलं कार्ड आज कामाला आलं, हे मी त्यांना तीन-तीनदा सांगितलं. उबरशेडरही समजावला.

"म्हंजे मापाचा शर्ट हुईस्तवर पोराला नाडीचा ढगळ सदरा घालून बशिवलं म्हन की," बाबा म्हणाले.

अगदी तसंच!

चिमूनं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही हाका. मी मागं बसते."

शिलाई मशीन चालवणारी ती बोटं कंट्रोलरवर कुठं ठेवायची, तेच त्यांना कळेना. गाडी सुटली, भिंतीला धडकली, वळली आणि थेट उलट्या दिशेनं पळायला लागली. ढगावर बसलेला पंच फलक नाचवून ‘मागं फिरा, मागं फिरा’ सांगतोय, समोरून येणाऱ्या सातही गाड्या अंगावर येतायत, चिमू किंचाळतेय, आणि बाबा हसू आवरत म्हणतायत, "आरं, ही काय आडकत न्हाई गड्या!"